अंगणातल्या कुत्र्यालाही जंताचे औषध द्या

राष्ट्रीय जंतनाशक दिनी नंदुरबार जिल्ह्यातल्या अंगणवाड्यांत आणि आश्रमशाळांत मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देतात. ती चावून मूल घरी येते, तेव्हा अंगणात कुत्री व्यालेली असते आणि तिच्या पिल्लांना औषध कोणी दिलेले नसते. कुत्र्यांतला टॉक्सोकारा नावाचा जंत आईच्या गर्भातूनच पिल्लांत उतरतो. विष्ठेतून पडलेली त्याची अंडी मातीत महिनोन्‌महिने तग धरतात. मातीचा हात तोंडात गेला की त्यातली अळी मुलाच्या यकृतात पोचते, क्वचित डोळ्यातही. शाळेतली गोळी मुलाच्या आतड्यातले जंत पाडते. अंगणातली अंडी जागची हलत नाहीत.

धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर कुत्रा हौसेसाठी पाळत नाहीत. तो शेळ्या राखतो. रात्री माणसे, शेळ्या, कोंबड्या आणि कुत्रा अनेक घरांत एकाच छपराखाली असतात. तेव्हा हे शहरी लोकांचे लाड म्हणून विषय झटकता येणार नाही. शेळी कापली की नको असलेली काळीज-फुप्फुसे कुत्र्यापुढे पडतात. त्यांत पाण्याच्या गाठी असतील तर कुत्र्याच्या पोटात बारीक पट्टकृमी वाढतो, आणि त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर तशीच गाठ माणसाच्या यकृतात धरते. गाठी दिसलेले काळीज खोल पुरावे, एवढे तरी आजपासून करता येईल.

पोटातल्या जंतांबरोबर अंगावरचा गोचीडही शोधायला हवा; त्यासाठी कुत्र्याचा कान उलटून पाहावा, बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. रक्त पिऊन एरंडीच्या बीसारखी टम्म फुगलेली मादी अंगावरून गळते, कुडाच्या भिंतीवर चढते आणि फटीत हजारोंनी अंडी घालते. पिसवांचेही तेच. अंगावर दिसतात त्या मूठभर. अंडी, अळ्या, कोष सारे जमिनीच्या भेगांत आणि कुत्र्याच्या गोणपाटात. म्हणून नुसता कुत्रा धुऊन भागत नाही. गोणपाट उकळत्या पाण्यात काढावे, भेगा लिंपाव्यात, शेळ्यांवरही त्याच दिवशी उपचार व्हावेत.

गोचीड-पिसवा मारायला कपाशीच्या फवारणीतले उरलेले औषध कुत्र्याला चोळण्याचा प्रकार मात्र ताबडतोब थांबला पाहिजे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. तसले विष कुत्र्याच्या कातडीला लावले तर तो ते चाटणार, आणि त्याच्या अंगाशी खेळणारे मूल तोच हात तोंडात घालणार. जनावरांची औषधे वेगळी असतात आणि त्यांचे प्रमाण ठरलेले असते. घरात मांजर असेल तर आणखी जपावे: कुत्र्याला सोसणारे पर्मेथ्रिन हे गोचीडनाशक मांजराला झटके आणून मारू शकते.

आरोग्य विभाग आणि पशुसंवर्धन विभाग एकाच जिल्हा परिषदेत आहेत. आजारी जनावरासाठी १९६२ या क्रमांकावर फिरते पथक बोलावता येते, पण कुत्र्याच्या जंतासाठी दुर्गम पाड्यावरून कोण फोन करणार? पुढच्या जंतनाशक दिनी आशाताई गोळ्या घेऊन निघतील, तेव्हा जिल्हा परिषदेने पशुधन पर्यवेक्षकालाही त्यांच्याबरोबर पाठवावे, आणि सुरुवात धडगाव तालुक्यापासून करावी.