चामडीचा तुकडा तपासायला देताना



माझ्या नणंदेच्या हातावर, कोपराच्या खाली, रुपयाएवढा फिकट चट्टा होता. सात-आठ महिने आम्ही मेडिकलमधून ट्यूब आणून लावत राहिलो. एकदा चपाती शेकताना तिथंच तवा लागला, फोड आला आणि तिला कळलंसुद्धा नाही. मग मात्र मी तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. (हे तिला विचारूनच लिहिते आहे.)

डॉक्टरांनी कापसाची वात फिरवून पाहिली आणि म्हणाले, "बायोप्सी करू." घरी सांगताच अम्मींनी डोक्याला हात लावला. बायोप्सी म्हणजे कॅन्सरच, असं आपल्याकडे पक्कं बसलंय. शिवाय नणंदेचं लग्न ठरत होतं. "रिश्ता होऊन जाऊ दे, मग बघू," अम्मी म्हणाल्या. मी पहिल्यांदाच त्यांच्याशी वाद घातला.

प्रत्यक्षात काम पंधरा-वीस मिनिटांचं. उपाशी राहावं लागलं नाही. डॉक्टरांनी आधी विचारलं, साखर आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, कुठल्या इंजेक्शनची ॲलर्जी? अशी गोळी असेल तर सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका. नणंद मला म्हणाली, "भाभी, तिथं तर काही कळतच नाही, मग सुई कशाला?" पण तुकडा चट्ट्याच्या कडेचा घेतात आणि कडेला जाणीव असू शकते. सुई टोचताना काही सेकंद आग झाली, तेवढंच. मग पेन्सिलीसारख्या गोल पात्याने चार मिलिमीटरचा तुकडा काढला, एक टाका घातला. तुकडा औषधाच्या बाटलीत गेला. बाटलीवरचं नाव मी स्वतः वाचून घेतलं, तुम्हीही घ्या. शाळेत पेपर तपासताना नावांचे घोळ खूप पाहिलेत.

पहिला दिवस पट्टी कोरडी ठेवायची होती. वुजूचं काय, हा अम्मींचा प्रश्न. पाण्याने जखमेला अपाय होत असेल तर पट्टीवरून मसह करता येतो. शंका असेल तर इमामसाहेबांना विचारा. रक्त आलं तर स्वच्छ कापडाने दहा-पंधरा मिनिटं न उचलता दाबून धरायचं. लाली वाढली, पू किंवा ताप आला तर लगेच डॉक्टर गाठायचे. हळद, चुना, टूथपेस्ट काही लावायचं नाही. टाका दहाव्या दिवशी निघाला. आता मसुराएवढा डाग आहे.

रिपोर्ट आठवड्याने आला. कुष्ठरोग, अगदी सुरुवातीचा. अम्मी रडल्या. पण गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, तिला सहा महिन्यांचा कोर्स दिलाय, आणि गोळ्या सुरू झाल्यावर तो दुसऱ्याला लागण्याची भीती लवकरच जाते. आणखी वर्षभर ट्यूब चोळत बसलो असतो, तर बोटं वाकडी व्हायची वेळ आली असती.

मुलाकडच्यांना सांगायचं की नाही, यावर घरात दोन तट पडले. शेवटी नणंदेनेच फोन केला. त्यांनी रिपोर्ट मागितला, तिने पाठवला. परवा मुलाची आई येऊन गेली, डॉक्टरांचा पत्ताही घेऊन गेली. अजून उत्तर आलेलं नाही. गोळ्यांचं तिसरं पाकीट चालू आहे.