कार्ड काढा, चिप जागवा

गेल्या काही महिन्यांत पालकांकडून एकच प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतो आहे. मुलाला किंवा मुलीला संगणक शिकायचा आहे, पूर्ण संगणक घेण्याची ऐपत नाही. बाजारात तळहाताएवढे एकाच पाटीवरचे संगणक मिळतात, ते घ्यावेत का? जरूर घ्यावेत. मात्र घेण्याआधी एक गोष्ट विचारून घ्यावी, जी दुकानदार सहसा स्वतःहून सांगत नाही. या संगणकात सामान ठेवायची जागा कुठे आहे?

आता 'रास्पबेरी पाय'चेच उदाहरण घेऊ. हा छोटा संगणक २०१२ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या केंब्रिजहून बाजारात आला. मुलांना स्वस्तात प्रोग्रॅमिंग शिकता यावे, हा त्यामागचा हेतू. किंमत कमी ठेवायची म्हणून त्यात हार्ड डिस्क दिलेली नाही. मोबाईलमध्ये घालतो तसे मेमरी कार्ड त्याच्या खाचेत सरकवायचे. संगणक चालवणारी प्रणाली त्याच कार्डावर, मुलांचे कामही त्याच कार्डावर. सोय चांगली आहे, पण कार्ड हा या संगणकाचा नाजूक अवयव आहे. लिहिणे चालू असताना वीज गेली, तर अर्धवट लिहिलेली नोंद साऱ्या कार्डाचा हिशेब बिघडवू शकते. स्वस्त कार्ड रोज लिहून-खोडून लवकर झिजते. शिवाय खाचेतला संपर्क धूळ आणि दमटपणाने सैल होतो, तो त्रास वेगळाच.

याची किंमत आमच्या शाळेने मोजली आहे. आठवीच्या मुली आपापल्या घरातल्या नानी-दादींच्या तोंडच्या पहेल्या, म्हणी आणि शादीची गाणी ध्वनिमुद्रित करून अशाच एका संगणकात जमा करीत होत्या. पावसाळ्यात एका दुपारी वीज चार-पाच वेळा गेली-आली आणि त्यानंतर कार्ड वाचले जाईना. जाणकारांना दाखवले, काही निघाले नाही. बहुतेक मुलींनी काम पुन्हा केले. एका मुलीच्या दादीचा मधल्या काळात इंतकाल झाला होता. "सर, निदान आवाज तरी निघेल का?" असे ती विचारत राहिली आणि आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्या महिन्यात आम्ही सर्व शिक्षकांनी मिळून ठरवले की पुढचा संगणक पाटीवरच पक्की साठवण असलेला घ्यायचा.

ही पक्की साठवण म्हणजे ईएमएमसी नावाची चिप. आत असते तीच फ्लॅश मेमरी, जी कार्डातही असते. फ्लॅशचा शोध जपानच्या तोशिबा कंपनीतले अभियंता फुजिओ मासुओका यांनी लावला. १९८४ मध्ये त्यांनी तिचा पहिला प्रकार जगापुढे मांडला आणि १९८७ मध्ये 'नँड' हा प्रकार, जो आज कार्ड, पेनड्राइव्ह आणि मोबाईल सगळ्यांत आहे. फ्लॅशची तऱ्हा अशी की लिहिताना थोडे थोडे लिहिता येते, पण पुसताना मोठा गठ्ठाच एकदम पुसावा लागतो, आणि प्रत्येक पुसण्याने ती किंचित झिजते. म्हणून चिपमध्ये एक कारभारी बसवलेला असतो. एकाच जागी झीज होऊ नये, सगळीकडे सारखी वाटली जावी, हे तो पाहतो. ईएमएमसी पाटीवर डाख देऊन बसवलेली असते. खाच नाही, त्यामुळे सैल होणे नाही, आणि खिशातून हरवणेही नाही.

आम्ही घेतला तो 'कॉम्प्युट मॉड्यूल ४'. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये आलेली ही पाटी ५५ बाय ४० मिलिमीटरची आहे. ती ८, १६ किंवा ३२ जीबी साठवणीसह मिळते. 'लाइट' नावाच्या प्रकारात साठवण अजिबात नसते, तिला कार्डच लागते. मागणी नोंदवताना हा शब्द नीट वाचावा. मॉड्यूलला पडदा, कळफलक आणि वीज जोडण्यासाठी खाली एक मोठा आधारबोर्ड घ्यावा लागतो, त्याचा खर्च वेगळा धरावा. आणखी एक ध्यानात ठेवावे. चिप असलेल्या मॉड्यूलला आधारबोर्डावरची कार्डाची खाच उपयोगी पडत नाही, कारण ज्या तारांवर कार्ड चालते त्याच तारा चिपने घेतलेल्या असतात. म्हणजे आधी कार्डावरून चालू करू आणि मग चिप भरू, हा मार्ग इथे बंद.

मग कोऱ्या चिपवर प्रणाली चढवायची कशी? घरातला किंवा शाळेतला दुसरा संगणक इथे मदतीला घ्यावा लागतो. सगळी गोष्ट क्रमाने सांगतो.

पहिले, वीज बंद ठेवून आधारबोर्डावर 'जे-२' असे लिहिलेल्या पिना शोधाव्यात. त्यांतल्या ज्या दोन पिनांजवळ ईएमएमसीवरून सुरू होणे रोखण्याचा मजकूर आहे, त्यांवर जंपर म्हणजे छोटीशी टोपी बसवावी. यामुळे पाटी स्वतः चालू न होता यूएसबीवरून हुकूम येण्याची वाट पाहते.

दुसरे, आपल्या मोठ्या संगणकात 'आरपीआयबूट' हा मोफत प्रोग्रॅम घालावा. तो विंडोज आणि लिनक्स दोन्हींसाठी मिळतो.

तिसरे, आधारबोर्डाच्या मायक्रो यूएसबी खाचेतून मोठ्या संगणकाला केबल जोडावी, आधारबोर्डाला १२ व्होल्टची वीज द्यावी आणि आरपीआयबूट चालवावा. तो पाटीच्या स्मृतीत एक छोटा प्रोग्रॅम पाठवतो. काही क्षणांत चिप मोठ्या संगणकावर पेनड्राइव्हसारखी दिसू लागते. विंडोज अशा वेळी "डिस्क फॉरमॅट करायची का?" असे विचारू शकते. नकार द्यावा.

चौथे, 'रास्पबेरी पाय इमेजर' उघडून प्रणाली निवडावी आणि ती या नव्या डिस्कवर लिहावी. कुठल्या डिस्कवर लिहितो आहोत हे आकारावरून दोनदा तपासावे, कारण लिहिताना त्या डिस्कवरचे सारे पुसले जाते. ३२ जीबीची चिप संगणक २९ जीबीच्या आसपास दाखवतो. त्यात फसवणूक नाही, मोजण्याच्या दोन पद्धतींचा हा फरक आहे. वापरकर्त्याचे नाव, परवलीचा शब्द आणि वायफाय हे इथेच भरून ठेवता येते.

पाचवे, वीज बंद करून टोपी काढावी, यूएसबी केबलही काढावी आणि पुन्हा वीज द्यावी. आता पाटी आपल्याच चिपवरून उठते.

अडचणी येतात त्या ठरावीक असतात. चिप मोठ्या संगणकावर दिसलीच नाही, तर आधी केबल बदलून पाहावी. पुष्कळ केबली फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून माहिती जातच नाही. मग टोपी बरोबर पिनांवर आहे का ते पाहावे. प्रणाली सुरू झाली पण कळफलक-माऊस चालत नाहीत, तर मायक्रो यूएसबी केबल अजून लागलेली आहे का ते बघावे. ती लागलेली असताना बोर्डावरच्या बाकीच्या यूएसबी खाचा बंद राहतात. केबल काढूनही चालत नसतील, तर 'कॉन्फिग' फाइलमध्ये यूएसबी चालू करणारी ओळ आहे का ते तपासावे, कारण या मॉड्यूलवर वीज वाचवण्यासाठी यूएसबी मुळात बंद ठेवलेले असते.

ज्यांना दुसरा संगणक जोडण्याची ही खटपट नको, त्यांना 'बीगलबोन ब्लॅक'ची रीत सोपी वाटेल. २०१३ मध्ये आलेल्या या पाटीवर आधी २ जीबीची चिप होती, पुढच्या आवृत्तीत ४ जीबीची झाली. तिथे कार्डाची खाच आणि चिप दोन्ही एकाच वेळी चालतात. चिप भरणारी खास 'फ्लॅशर' प्रणाली कार्डावर लिहायची, कार्ड खाचेत घालायचे, खाचेजवळचे बटण दाबून धरत वीज द्यायची. चार निळे दिवे इकडून तिकडे धावू लागले की कार्डावरची प्रणाली चिपवर उतरते आहे असे समजावे. काम संपेपर्यंत वीज काढू नये, आणि संपल्यावर कार्ड काढून घ्यावे, नाहीतर पुढच्या वेळी सारे पुन्हा पहिल्यापासून लिहिले जाण्याचा धोका असतो.

एवढे सांगून झाल्यावर दुसरी बाजूही सांगणे आमचे काम आहे. चिप कार्डापेक्षा भरवशाची आहे, अमर नाही. कार्ड बिघडले तर थोडक्या पैशांत दुसरे येते. पाटीवरची चिप झिजली तर सहसा सारी पाटीच बदलावी लागते. अचानक वीज जाण्याचा धोका चिपलाही आहे. म्हणून संगणक नेहमी आज्ञा देऊन बंद करावा, नुसते बटण खाली करू नये. जिथे वीज वरचेवर जाते, तिथे संगणकापुढे छोटा यूपीएस ठेवणे फायद्याचे. जो संगणक फक्त धडे दाखवण्यासाठी आहे, त्यात 'ओव्हरले' ही सोय चालू करावी. मग रोजचे लिहिणे तात्पुरत्या स्मृतीत होते आणि चिपला हात लागत नाही. मात्र ती सोय चालू असताना त्या चिपवर साठवलेले काम संगणक बंद होताच जाते, हे मुलांना आधी सांगून ठेवावे.

आणि जी गोष्ट पुन्हा मिळणार नाही, ती एकाच जागी कधीही ठेवू नये, मग ती जागा कितीही पक्की असो. आमच्या शाळेत आता दर शनिवारी सुट्टीच्या घंटेआधी दोन मुली त्या आठवड्याचे काम एका पेनड्राइव्हवर उतरवतात. पेनड्राइव्ह कपाटात जातो, दुसरी नक्कल जिचे काम तिच्या घरी. महिन्यातून एकदा एखादी जुनी फाइल उघडून ऐकली जाते, कारण न तपासलेली नक्कल वेळेवर दगा देऊ शकते. वहीत तारीख आणि सही होते. याला दहा मिनिटे लागतात. तुमच्या घरी बुजुर्गांचे आवाज, शादीचे फोटो किंवा मुलांचे काम एकाच मोबाईलमध्ये पडून असेल, तर त्यासाठी नवा संगणक घ्यायची वाट पाहू नका. त्याची दुसरी नक्कल याच शनिवारी करा.