दीड तिकिटाचा मधुचंद्र

तुळशीचं लग्न लागलं की आपल्या छत्रपती संभाजीनगरात मंगल कार्यालयांच्या तारखा भरू लागतात. हल्ली त्याच सुमारास घराघरांत आणखी एक हिशेब सुरू होतो: नव्या जोडप्यानं फिरायला कुठं जायचं. मनाली, केरळ, अंदमान. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर जावं. पण लग्नाचं कर्ज फिटायच्या आत फिरण्यासाठी दुसरं कर्ज काढलेली घरं मी पाहिली आहेत. नव्या संसाराची पहिली आठवण बँकेच्या हप्त्याची असावी, याचं मला फार वाईट वाटतं.

माझ्या भाचीचं लग्न माघात आहे. मुलगा वाळूजच्या एका कारखान्यात, शिफ्टची नोकरी. रजेतले दिवस हळद, लग्न, सत्यनारायण आणि तुळजापूरच्या दर्शनात जाणार, उरणार चार. खर्चाची मर्यादा दोघांनी मिळून ठरवली आहे: पंधरा हजार, तेही स्वतःच्या पगारातले. भाची म्हणाली, "मावशी, लई लांब नको. जिथं आम्हाला कुणी ओळखत नाही आणि कुणी काही दाखवायला ओढून नेत नाही, अशी जागा सांग."

मी नाशिकच्या द्राक्षबागा सांगितल्या. दोन्ही घरांत क्षणभर शांतता पसरली. मुलाच्या आईनं मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, पोरांना दारूच्या कारखान्यात कशाला धाडता?" प्रश्न रास्त होता. व्यसनानं घरं कशी बसतात हे त्यांनी जवळून पाहिलं आहे, त्यामुळे त्यांची काळजी मी हसण्यावारी नेली नाही. मी त्यांना एवढंच म्हटलं की वायनरीत गेलं म्हणजे प्यायलाच हवं असं नाही. बाग बघायची, कारखाना बघायचा, पाण्याकाठी बसायचं. चव घ्यायची की नाही हे त्या दोघांनी आपसात ठरवावं. घरी खोटं सांगून मात्र जाऊ नये. "देवदर्शनाला चाललो" म्हणून निघालेल्या नव्या नवरीच्या मनावर चार दिवस उगाच ओझं राहतं.

नाशिकच का, याचं माझं कारण स्वस्ताईपेक्षा वेगळं आहे. ठरवून झालेल्या लग्नात दोघं एकमेकांना मोजकंच भेटलेले असतात. बर्फ पाहून दोघंही "किती छान" म्हणतात आणि तिथंच बोलणं खुंटतं. मला अशी जागा हवी होती, जिथं तिच्याकडे त्याला सांगण्यासारखं काही असेल आणि त्याच्याकडे तिला.

भाचीचे वडील जालन्याजवळ द्राक्षं करतात. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, घडांची विरळणी, जिबरेलिक ॲसिडचं डिपिंग, भुरी आणि डाउनी या रोगांच्या भीतीनं ढगांकडे लागलेले डोळे, हे सगळं ती लहानपणापासून पाहत आली आहे. रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब टाकून ब्रिक्स, म्हणजे रसाची गोडी, वाचायला ती शाळेत असतानाच शिकली. वाइनच्या बागेत तिला पहिल्या पावलापासून फरक दिसेल. तिच्या घरच्या थॉमसन जातीच्या द्राक्षांचे मणी लांब, पातळ सालीचे, बिनबियांचे. इथले घड लहान, मणी बारीक, साल जाड आणि आत बिया. मणी फुगवण्याचा खटाटोप इथं कुणी करत नाही, कारण वाइनला रंग आणि धार सालीतून मिळते. काळं द्राक्ष दाबलं तरी रस बहुतेक पांढराच निघतो. तो सालीसकट आंबवला की लाल वाइन होते. हे ती त्याला वेलीजवळ उभी राहून सांगू शकेल, आणि ज्याला बायकोकडून शिकायला आवडतं अशा मुलाशीच तिचं लग्न ठरलं आहे, असा माझा विश्वास आहे.

आत गेलं की बोलायची पाळी त्याची. स्टेनलेस स्टीलच्या उंच टाक्या, त्यांच्याभोवती गार पाणी खेळवणारं आवरण, व्हॉल्व्ह, पंप, दाबाचे काटे. पांढरी वाइन कमी तापमानात सावकाश आंबवावी लागते, नाहीतर तिचा वास उडून जातो. हे तापमान कसं राखत असतील, हे गाइडआधी तोच तिला समजावून सांगेल. शेती आणि कारखाना एकाच आवारात दिसतो अशा जागा फार नाहीत. शेतकऱ्याची मुलगी आणि एमआयडीसीतला मुलगा यांच्यासाठी याहून योग्य ठिकाण मला सुचलं नाही.

वाइनच्या या धंद्याला आताचं रूप आलं ते गेल्या पंचवीस-तीस वर्षांत. राजीव सामंत यांनी नाशिकजवळच्या घरच्या जमिनीवर १९९७ मध्ये वाइनच्या वेली लावल्या आणि २००० मध्ये सुलाची पहिली वाइन बाजारात आली. राज्य सरकारनं २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले. मग २००८ नंतरच्या मंदीत मागणी कोसळली, माल पडून राहिला आणि अनेक शेतकऱ्यांना वाइनच्या बागा उपटाव्या लागल्या. टेस्टिंग रूमच्या भिंतींवर हा भाग सहसा दिसत नाही. भाचीला मी तो आवर्जून सांगितला. बागायतदाराच्या मुलीला तो माहीत असावा.

आता आखणी. शनिवार-रविवार पूर्ण वगळायचे, कारण मुंबई-पुण्याच्या गाड्यांनी गंगापूर रोड भरून जातो आणि खोल्यांचे दरही चढतात. फेब्रुवारीत सुलाच्या सुलाफेस्ट महोत्सवाच्या आणि १४ तारखेच्या आसपास जायचं नाही. महाशिवरात्रीला त्र्यंबकेश्वरच्या गर्दीनं सगळं नाशिक गजबजतं, तेही दिवस टाळायचे. सोमवारी सकाळी निघून गुरुवारी संध्याकाळी परत, हे उत्तम. जानेवारी ते मार्च हा तोडणीचा हंगाम, म्हणजे माघात वेलीवर घड असतात आणि कारखानाही चालू असतो. पावसाळ्यात बागा हिरव्यागार दिसतात, पण वेलीवर फळ नसतं.

जायचं एसटीनं. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे, म्हणजे जोडप्याचा प्रवास दीड तिकिटात होतो. तपोवन एक्स्प्रेसचं साधं तिकीट त्याहूनही स्वस्त पडतं, पण गाडी नाशिकरोडला सोडते आणि तिथून गंगापूर रोड गाठायला पुन्हा वेळ आणि पैसे जातात. शिवाय वैजापूर, येवला, विंचूर, निफाड हा रस्ता खिडकीतून बघण्यासारखा आहे. कोरडवाहू रानं मागं पडतात, येवल्यात पैठणीच्या पाट्या लागतात आणि निफाड तालुक्यात शिरलं की दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव.

राहण्यासाठी वायनरीतली रिसॉर्टं आपल्या हिशेबात बसत नाहीत. तिथं दिवसा जावं. दोन रात्री गंगापूर रोड किंवा कॉलेज रोडच्या बाजूला साध्या, स्वच्छ लॉजवर काढाव्यात आणि एक रात्र, दर आधी विचारून, गंगापूर धरणाच्या काठावरच्या एमटीडीसीच्या ग्रेप पार्क रिसॉर्टमध्ये. दोघांची आधार कार्डं जवळ हवीत. नव्या नवरीच्या कार्डावर माहेरचंच नाव असतं, म्हणून लग्नपत्रिकेचा फोटो मोबाइलमध्ये असू द्यावा. काउंटरवरचा एखादा नकोसा प्रश्न त्यानं टळतो.

वायनरी एकच बघायची. तीन-तीन बघण्यात पैसेही जातात आणि दिवसही पळापळीत संपतो. गोवर्धनजवळची सुला मोठी आणि प्रसिद्ध. जवळची यॉर्क तिच्यापेक्षा लहान, धरणाच्या पाण्याशेजारी. ती आता सुलाच्याच मालकीची आहे. मी भाचीला यॉर्क सांगितली. संध्याकाळच्या आत पोचावं. चव घ्यायचीच असेल तर आधी पांढऱ्या, मग लाल, आणि मध्ये पाणी भरपूर. पहिल्यांदाच घेणाऱ्याला शेनिन ब्लां सोपी जाते, शिराझ जिभेला आवळते. दोघांपैकी एकालाच इच्छा असेल तर एकानंच घ्यावी, दुसऱ्यानं आग्रह करू नये. नकाराला मान देण्याची सवय पहिल्याच आठवड्यात लागली तर पुढं फार उपयोगी पडते. भाड्याची दुचाकी मुळीच नको. जाताना ठरवलेली रिक्षाच परतीला थांबवून ठेवावी, तिथं अंधार पडल्यावर वाहन मिळणं कठीण जातं.

यॉर्कच्या गच्चीवरून दिसणारं पाणी गोदावरीचं आहे. गंगापूर धरण भरलं आणि दारं उघडली की हेच पाणी वाहत आपल्या नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात येतं, आणि तिथून आपल्या शहराच्या नळाला. या पाण्याच्या समन्यायी वाटपावरून नाशिक आणि मराठवाडा कोर्टात भांडत आले आहेत. आपल्याकडे नळाला कितव्या दिवशी पाणी येतं हे ज्या मुलीला हंडे भरून माहीत आहे, तिच्या डोळ्यांसमोर वरच्या अंगाचं ते भरलेलं पाणी आलं की तिला काय वाटेल, याचा विचार माझ्या मनात आला. तिनं त्यावरही नवऱ्याशी बोलावं. सुखाच्या चार दिवसांत अशा विषयाला जागा नसते, असं मी मानत नाही.

बाकीचे दिवस जवळजवळ मोकळे ठेवले आहेत. एक सकाळ मखमलाबादकडे द्राक्षाच्या मांडवाखाली बसून मिसळ. एक दुपार काहीच नाही. परतीच्या वाटेवर नांदूर मधमेश्वर. निफाड तालुक्यातलं हे पाणपक्ष्यांचं अभयारण्य २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. थंडी सरेपर्यंत तिथं हजारो पक्षी असतात, आणि मधल्या वारी पहाटे गेलं तर माणसं थोडी. ज्या जोडप्याला शांतता हवी आहे त्यानं इथं दोन तास मनोऱ्यावर बसावं.

हे सगळं कागदावर मांडताना एक गोष्ट मात्र सलत राहिली. द्राक्षं बघायला आपल्या पोरांनी दोनशे किलोमीटर का जावं? चौदाव्या शतकात इब्न बतूतानं दौलताबादच्या द्राक्ष-डाळिंबांचं वर्णन केलं आहे. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीनं पाणलोटाची कामं करून दुष्काळी शिवारात द्राक्षबागा उभ्या केल्या आणि गाव सुधारलं. कृषी पर्यटनाचं धोरणही राज्यानं २०२० मध्ये केलं. आपल्याकडच्या बागायतदाराला वायनरी नको, गच्ची नको. बागेच्या कडेला एक स्वच्छ खोली, आतून लागणारी कडी, सकाळी गरम पाणी, मालकिणीच्या हातची भाकरी-पिठलं, आणि पाहुण्यांच्या मागं-मागं न फिरता त्यांना मोकळं सोडण्याची समज, एवढं असलं की पंधरा हजारांच्या आत बसणारी कितीतरी जोडपी येतील. जालना, वैजापूर, पैठणच्या बाजूला ज्यांच्या मळ्यात अशी खोली तयार असेल किंवा बांधायचं मनात असेल, त्यांनी मला जरूर कळवावं. पुढच्या लग्नसराईआधी मी स्वतः येऊन बघेन आणि याच सदरात लिहीन.