‘निवासाची व्यवस्था मर्यादित आहे’

आमच्या विद्यापीठीय चर्चासत्रांची माहितीपत्रके बहुतेक जण वरून खाली वाचतात: बीजविषय, उपविषय, बीजभाषकांची नावे, निबंध पाठविण्याची अंतिम तारीख. मी अलीकडे ती खालून वर वाचू लागलो आहे. तळाशी, बँकेच्या खाते क्रमांकाच्या किंचित वर, एक परिच्छेद असतो. पत्रक कोणत्याही गावचे असो, त्याची भाषा बदलत नाही. ‘बाहेरगावच्या निबंधवाचकांच्या निवासाची व्यवस्था मर्यादित स्वरूपात करण्यात येईल. प्रथम नोंदणी करणाऱ्यास प्राधान्य. प्रवासखर्च देय असणार नाही.’ माझे म्हणणे असे की, चर्चासत्राची खरी भूमिका या तीन वाक्यांत असते. वरचा बीजविषय ही तिची सजावट होय.

कर्तृलोप कशासाठी होतो हे आपण विद्यार्थ्यांना कादंबरी शिकविताना सांगतो. निवेदक ‘ठरविण्यात आले’ म्हणतो तेव्हा कोणी ठरविले हा प्रश्न विचारा, असे फळ्यावर लिहून देतो. मग ‘करण्यात येईल’ येथे कर्ता कोण? ‘मर्यादित’ हे विशेषण कोणाला लागू आहे? त्याच पत्रकाच्या दर्शनी पानावर उद्घाटक, बीजभाषक, विशेष अतिथी, सत्राध्यक्ष यांची नावे असतात. त्यांच्या निवासाला मर्यादा असल्याचा उल्लेख कोठेही नसतो. मर्यादा फक्त ‘निबंधवाचक’ या संज्ञेला चिकटलेली असते. ‘प्रथम नोंदणी करणाऱ्यास’ या समतावादी दिसणाऱ्या शब्दांतली मेख तर त्याहून सूक्ष्म आहे. प्रथम नोंदणी तोच करू शकतो, ज्याला पत्रक प्रथम मिळते. आणि पत्रक प्रथम कोणाला मिळते हे आपण सारे जाणतो.

या विषयावर लिहिणार असे एका ज्येष्ठ समीक्षक मित्राजवळ बोललो, तेव्हा ते म्हणाले, ‘अहो, हा व्यवस्थापनाचा प्रश्न. वाङ्मयबाह्य. त्यावर नियतकालिकात कसले लिहिता?’ हा आक्षेप प्रातिनिधिक आहे म्हणून त्याचा परामर्श घेतो.

कोण कोठे राहिला हे वाङ्मयबाह्य असेल, तर मराठी गद्याचा प्रारंभच वाङ्मयबाह्य ठरेल. तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्रा’त श्रीचक्रधरांची लीळा सांगताना ती कोठे घडली हे म्हाइंभट सोडत नाहीत. महानुभावांनी पुढे केवळ या ठिकाणांसाठी ‘स्थानपोथी’ रचली. बसले ते आसन, रात्रीपुरते राहिले ती वसति, अधिक काळ राहिले ते अवस्थान, असा भेद करणारी काटेकोर परिभाषा त्या परंपरेने निर्माण केली. देऊळ कोणते, मठ कोणता, त्याचे दार कोणत्या दिशेला, हे सारे टिपून ठेवले. विचार हवेत उच्चारला जात नाही, कोणाच्या तरी ओसरीवर उच्चारला जातो, हे त्या लेखकांना ठाऊक होते. पुढे पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली निघाले ते कशासाठी? मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, विद्वानांना दक्षिणा मिळणार, घरचे कर्ज फिटेल, यासाठी. म्हणजे बाहेरगावच्या विद्वत्संमेलनास निघालेल्या, प्रवासखर्च देय नसलेल्या एका वैदिकाचा तो वृत्तान्त आहे. ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापून आले. त्याची वाङ्मयीन थोरवी सांगणारे आपण, त्यातील रात्रीच्या मुक्कामांची काळजी तेवढी वाङ्मयाबाहेर कशी काढणार?

आणखी एक उदाहरण द्यायला हवे, आणि ते देताना मी तुलना करीत नाही हेही सांगायला हवे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींचे जे टिपण लिहिले, त्यात मसूर स्थानकावर उतरलेल्या आणि गाडीवान न मिळालेल्या मुलांची हकीकत आहे. विदेशातून पदव्या घेऊन बडोद्यास नोकरीला आल्यावर पारशी उतारगृहातून बाहेर काढले गेल्याची हकीकतही आहे. या देशात विद्वत्तेला छप्पर मिळते की नाही, हा ज्ञानव्यवहाराच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे, एवढेच त्यावरून मला म्हणायचे आहे. त्या अनुभवांची धग आजच्या आमच्या गैरसोयींना नाही. पण उताऱ्याचा प्रश्न क्षुल्लक म्हणून बाजूला सारण्याचा अधिकारही त्यानंतर आपल्याला उरलेला नाही.

आता ज्या प्रसंगामुळे हे लिहीत आहे तो सांगतो. फेब्रुवारी २०२५मध्ये पणजी येथे एक चर्चासत्र झाले. संस्थेचे नाव घेत नाही, कारण नाव बदलले तरी हकीकत बदलणार नाही. विषय परिघावरील साहित्याचा होता. (परिघ हा शब्द आमच्याकडे आता केंद्रस्थानी आला आहे.) समुद्रकाठचे शहर आणि आर्थिक वर्षाची अखेर हा योग नेहमीचाच. अनुदान ३१ मार्चपूर्वी खर्च व्हावे लागते आणि त्याचे विनियोग प्रमाणपत्र द्यावे लागते. म्हणून साऱ्या महाराष्ट्र-गोव्यातील मराठी विभागांना जानेवारीनंतर एकदम चिंतनाची उबळ येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१०च्या नियमावलीने निबंधवाचनाला गुण लावून दिले, राज्यस्तराहून राष्ट्रीयला अधिक, राष्ट्रीयहून आंतरराष्ट्रीयला अधिक. पुढे नियम बदलले, पण लागलेली सवय गेली नाही. त्यातही समुद्रकाठ असला की निबंधांना तोटा नसतो.

निबंध स्वीकारल्याचे पत्र सत्राच्या अठरा दिवस आधी आले. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४पासून साठ दिवस आधी खुले होते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की पुढचे सांगावे लागत नाही. शिवाय कार्निव्हल तोंडावर आलेला. कोकणच्या गाड्या भरलेल्या आणि पणजीतल्या खोल्यांचे दर चढलेले. संयोजक त्याच शहरात राहतात. कार्निव्हल कधी असतो हे त्यांना माहीत नव्हते असे मानणे त्यांच्या बुद्धीचा अपमान ठरेल.

मी परभणीहून निघालो. मराठवाड्यातून गोव्याला जायचे तर घाटाने एस.टी.च्या बसा बदलत जावे, नाहीतर मुंबईला वळसा घालावा. १९९८ साली कोकण रेल्वे रोह्यापासून पुढे सलग सुरू झाली, पण तिचा उपयोग आम्हांला मुंबई गाठल्यावरच. एक रात्र देवगिरीत काढायची. सकाळी मुंबईस उतरून दिवसभर प्रतीक्षालयात, सामानावर पाय ठेवून, आपलाच निबंध पुन्हा वाचायचा. रात्री उशिरा कोकणकन्या धरायची. पणजीला रेल्वे नाही, म्हणून करमळीस उतरून पुढे बस. पण मी सत्राध्यक्ष होतो. मला कर्तव्यरजा होती, वातानुकूलित तिसऱ्या वर्गाचे भाडे मिळणार होते, आणि मांडवीकाठच्या एका हॉटेलात दोन खाटांची खोली मिळाली होती. दुसऱ्या खाटेवर मी माझी पिशवी ठेवली.

माझ्या सत्रात पाच निबंध होते. तिसरे नाव बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या प्राध्यापिकेचे होते. नाव पुकारले. कोणी उठले नाही. मी समोरच्या कागदावर ‘अनुपस्थित’ असे लिहिले आणि चौथे नाव पुकारले. वेळ वाचला म्हणून सभागृहात थोडे समाधानही पसरले.

पुढे तिने संपादित ग्रंथात निबंध घेतला जाईल का हे विचारण्यासाठी दूरध्वनी केला, तेव्हा सारे कळले. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्याला घेतलेल्या तासाचेच पैसे मिळतात. चार दिवस गाव सोडणे म्हणजे चार दिवसांच्या मिळकतीवर पाणी. वर नोंदणीशुल्क आगाऊ भरलेले. आरक्षण मिळाले नाही म्हणून तिने एस.टी.ने येण्याचे ठरविले. २०२३पासून महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे, पण ती सवलत राज्याच्या हद्दीपर्यंत. बांद्यापर्यंत अर्धी प्राध्यापक आणि पुढे पूर्ण, असे ती हसून म्हणाली. बस पणजीस रात्री अकरानंतर पोचणार होती. निबंधवाचक स्त्रियांची सोय शहराबाहेरच्या एका वसतिगृहात होती आणि त्याचे फाटक नऊला बंद होत असे. तिने संयोजकांना विचारले. उत्तर मिळाले, ‘मॅडम, तेवढी एक रात्र तुमची तुम्ही पाहा.’ त्या आठवड्यात पणजीत एकट्या बाईने मध्यरात्री लॉज शोधायचा, म्हणजे काय पाहायचे? तिने परतीचा विचार केला नाही, कारण ती निघालीच नाही. ग्रंथात निबंध घेतला गेला नाही. प्रत्यक्ष वाचन अनिवार्य, असा नियम पत्रकातच होता.

तो निबंध मी नंतर मागवून वाचला. ऊसतोडणीला जाणाऱ्या स्त्रियांच्या गाण्यांवर तो आहे. कारखान्याच्या फडाजवळ पाचट, बांबू आणि ताडपत्री यांची जी कोपी उभी राहते, तिच्यावर. जात्यावरच्या ओवीतील घर, माहेर, सासर या कल्पनांची घडण कोपीत आल्यावर कशी मोडते, उचल घेऊन सहा महिने गाव सोडणाऱ्या बाईच्या गाण्यात ‘मुक्काम’ हा शब्द ‘घर’ या शब्दाची जागा कशी घेतो, हे तिने संकलित गाण्यांच्या आधारे दाखविले आहे. त्यात त्रुटी आहेत. संकलनाची पद्धत तिने पुरेशी स्पष्ट केलेली नाही, आणि शेवटची दोन पाने सिद्धान्ताच्या भाराखाली वाकली आहेत. पण त्या दोन दिवसांत मी ऐकलेल्या एकाही निबंधात इतके स्वतःचे काही नव्हते. माझ्या बीजपर भाषणातही नव्हते.

यावर नेहमीची उत्तरे येतील. पैसे कमी असतात, हे पहिले. असतात, मान्य. पण कमी पैशांची वाटणी हाच मूल्यनिर्णय असतो. उद्घाटकाच्या विमानभाड्यात तिसऱ्या वर्गाची किती तिकिटे बसतात हे कोणीही विभागप्रमुख बोटांवर मोजू शकेल. शाली, श्रीफळे आणि स्मृतिचिन्हे यांचा हिशेब वेगळाच.

दुसरे उत्तर २०२०नंतर तयार मिळू लागले आहे: दूरदृश्य माध्यमातून वाचावे, आता अडचण काय? अडचण ही की, चर्चासत्रात समीक्षा सभागृहात होतच नाही. तेथे बारा मिनिटांचे वाचन आणि दोन मिनिटांचे आभार होतात. समीक्षा होते ती रात्रीच्या जेवणानंतर, निवासस्थानाच्या गच्चीवर, चहाच्या दुसऱ्या फेरीला. पुढच्या ग्रंथात कोणाचा लेख घ्यायचा, कोणत्या विद्यापीठाच्या अभ्यासमंडळावर कोण यावे, कोणाचा प्रबंध कोणाकडे पाठवावा, हे तेथे ठरते. मी त्या गच्चीवर होतो. बीजभाषकांनी परिघावर फार चांगले बोलून झाल्यावर मांडवीतल्या बोटींचे दिवे पाहत आम्ही पुढच्या वर्षीच्या सत्राची नावे काढली. सारी नावे गच्चीवर असलेल्यांचीच निघाली. यात कट नव्हता. समोर दिसली ती माणसे आठवली, इतकेच. पडद्यावरच्या चौकटीत दिसून वाचन संपताच विझणारे माणूस गच्चीवर कोणाला आठवणार? आणि नऊला बंद होणाऱ्या फाटकाआडचे तरी कसे आठवणार?

मराठी ग्रंथकार सभेचे १८८५चे निमंत्रण महात्मा फुल्यांनी नाकारले, हा दाखला अशा सत्रांत हमखास दिला जातो. पणजीतही दोघांनी दिला. तेव्हा मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या होत्या. आता वाटते, नाकारण्यासाठी आधी निमंत्रण यावे लागते. आमच्या व्यवस्थेत कोणाला नाकारावे लागत नाही आणि कोणी नकारही देत नाही. माणूस ‘अनुपस्थित’ होते, आणि तशी नोंद करणारा माझ्यासारखा कोणी शुद्ध मराठीत ती करतो.

मीही संयोजक होतो, दोनदा. आमच्याही पत्रकात तीच तीन वाक्ये होती. आधीच्या कोणत्या तरी पत्रकावरून ती जशीच्या तशी उतरविली होती आणि मुद्रिते तपासताना त्यांच्यावरून नजर गेली तरी थांबली नाही. तेव्हा कोणकोण आले नाही, याची यादी आज माझ्याजवळ नाही.

काय करता येईल ते अवघड नाही. तारखा ठरविताना गावातल्या सणजत्रा आणि हंगाम पाहावेत. स्वीकृतिपत्र आरक्षण खुले होण्यापूर्वी जावे. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांना आणि शोधछात्रांना आधी तिकीट द्यावे, उरेल त्यात उद्घाटकाने यावे. गोव्यात देवस्थानांच्या अग्रशाळा आहेत. कुळाव्यांना वर्षातून एकदा रात्रीपुरती जागा देताना तेथे ‘व्यवस्था मर्यादित’ असे कोणी छापील पत्रकातून कळवीत नाही. आमच्याकडे तर सुट्टीत रिकामी पडलेली वसतिगृहे आहेत, फाटक उघडे ठेवणारा पहारेकरी तेवढा हवा. आणि अनुपस्थिताचा निबंध सत्राध्यक्षाने वाचून दाखवावा. सभांमधून ही रीत पूर्वी होती. मी त्या दिवशी हे करू शकलो असतो. निबंधाची प्रत माझ्यासमोरच्या धारिकेत होती.

गेल्या आठवड्यात रत्नागिरीच्या एका चर्चासत्राचे पत्रक आले. मला बीजभाषण देण्याची विनंती आहे. निवासाची उत्तम सोय केल्याचे सोबतच्या पत्रात लिहिले आहे, आणि पत्रकाच्या तळाशी तीच तीन वाक्ये आहेत. निबंधवाचक कोठे राहतील, फाटक किती वाजता बंद होते आणि माझ्या खोलीत खाटा किती आहेत, असे मी उलटटपाली विचारले आहे.