ताई, कुठलं हॉस्पिटल वर टाकू?

शिफ्टचं कौतुक आपल्याला कोणी सांगू नये! यूएस शिफ्ट, नाइट शिफ्ट, वीकेंड सपोर्ट... सगळं करून झालंय. पण माझ्या मावसबहिणीपुढे सध्या जो प्रश्न आहे, तो आपल्या एचआरलाही सुटला नसता.

बाईसाहेब चंदगडच्या. एमबीबीएस झालं, आता फॅमिली मेडिसिनमध्ये डीएनबी करायचंय. तीन वर्षांचा कोर्स, नीट-पीजीच्या रँकवर प्रवेश. तिच्या यादीत दोन हॉस्पिटलं उरलीत. पहिल्यात सरळ ठोकळे : काही महिने मेडिसिन, मग बालरोग, मग प्रसूती... एका वेळी एकच. दुसऱ्यात पोस्टिंग तीच, पण दर बुधवारी दुपारी हातातलं सोडून फॅमिली मेडिसिनच्या ओपीडीत बसायचं. तीन वर्षं, तेच टेबल.

‘ताई, पहिल्यात डोकं शांत राहतं. दुसऱ्यात लेबर रूम अर्धी टाकून पळायचं.’

मुद्दा बरोबर आहे. म्हणूनच अमेरिकेत काही ठिकाणी ‘४+१’ निघालं. चार आठवडे वॉर्ड, पाचवा फक्त क्लिनिक. धावपळ वाचते, पण पेशंटला पंधरा दिवसांनी दाखवायचं असेल तर त्याचा डॉक्टर वॉर्डात!

आता चंदगड बघा. कोल्हापूर जिल्ह्याचं दक्षिण टोक. कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ, घाट उतरला की कोकण. इथल्या डॉक्टरकडे एकच बाई स्वतःचं बीपी, सुनेचं बाळंतपण आणि नातवाचा खोकला घेऊन येते. ठोकळ्यांत आजार नीट शिकता येतो, पण ती बाई एकदाच भेटते. बुधवारच्या ओपीडीत ती पुन्हा येते. गोळी लागू पडली का, की पैसे नाहीत म्हणून बंदच केली, हे तेव्हा कळतं. आपलं चुकलं कुठे, तेही!

तासांचं काय? अमेरिकेत २००३ पासून आठवड्याला सरासरी ८० तासांची मर्यादा आहे. आपल्याकडे केंद्राच्या १९९२ च्या आदेशात साधारण ४८ तास आणि सलग १२ पेक्षा जास्त नाही, असं लिहिलंय. एमडी-एमएससाठीच्या २०२३ च्या नियमांत आठवड्याची एक सुट्टी आहे, तासांपुढे मात्र आकडा नाही, नुसतं ‘वाजवी’. वाजवी म्हणजे किती, ते वॉर्डात गेल्यावर कळतं.

म्हणून मी तिला म्हटलं, ‘अगं, तक्ता वाचू नकोस, सीनियरना फोन लाव. दोनच प्रश्न विचार. बुधवारी लेबर रूममधून खरंच सोडतात का, आणि मागे कोण थांबतं? नाइटनंतर सकाळी घरी पाठवतात का?’ उत्तर ‘बघू’ असेल, तर बुधवार फक्त कागदावर. मग सरळ ठोकळे घे, निदान फसवणूक नाही.

तिने फोन लावले. दुसरं हॉस्पिटल यादीत वर गेलंय. मावशीची चिंता वेगळीच : ‘म्हणजे तीन वर्षं बुधवारी फोन उचलणार नाहीस होय गं?’