दुसऱ्या साक्षीदाराची सही

आपल्याकडे घरात मृत्यूचा विषय निघाला की कुणीतरी वडील माणूस "शुभ बोल रे नाऱ्या" म्हणून बोलणाऱ्याला गप्प बसविते. पितृपंधरवड्यात गेलेल्या माणसाला खीर आवडत असे की अळूची भाजी, हे आपण अगत्याने आठवतो. परंतु हयात असलेल्या वडिलांची ठेव कोणत्या बँकेत आहे, घराचे खरेदीखत कोणत्या पेटीत आहे, हे विचारण्याचा धीर आपल्याला होत नाही. विचारणारा लोभी ठरतो, आणि सांगणाऱ्याला वाटते की आपली निरवानिरव सुरू झाली. ह्या संकोचाची किंमत पुष्कळ घरांनी मोजली आहे. आमच्याही घराने मोजली. आणि त्यात चूक माझी होती, म्हणून ह्या महिन्यात प्रथम तीच हकीकत सांगतो.

माझ्या आत्या इंदूरच्या एका शाळेत शिक्षिका होत्या. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी यजमान गेले. मूलबाळ नव्हते. सासरचे जाणेयेणे हळूहळू थांबले. पगारातून साठविलेले पैसे आणि भविष्यनिर्वाह निधी ह्यांतून त्यांनी लोकमान्यनगरात दोन खोल्यांचे घर घेतले. उतारवयात त्यांचे सारे माझ्या धाकट्या चुलत बहिणीने केले. ती अविवाहित, त्यांच्याजवळच राहणारी. शेवटची अकरा वर्षे औषधपाणी, पथ्य, रात्रीची जागरणे, सगळे तिच्याकडे होते. आपल्यामागे घर तिलाच मिळावे, ही आत्यांची इच्छा आम्हां सर्वांना ठाऊक होती.

२०११ च्या भाद्रपदात आत्यांनी आपल्या वळणदार अक्षरात दोन पाने लिहिली, खाली सही केली, शेजारच्या निवृत्त मास्तरांची साक्षीदार म्हणून सही घेतली आणि मला निरोप पाठविला, "दुसरी सही तुझी हवी. सवडीने ये." मी राहतो रामबागेत, अंतर ते केवढे! परंतु पितृपक्षात असले काम नको म्हणून मी ते पुढे ढकलले. नवरात्रात पाहुणे आले. भाऊबीजेला बहिणीकडे जायचेच आहे, तेव्हा सही करू, असे मनाशी ठरविले. धनत्रयोदशीच्या पहाटे आत्या झोपेतच गेल्या.

तेराव्यानंतर तो कागद आम्ही वकिलांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "अक्षर सुंदर आहे. इच्छाही स्पष्ट आहे. पण कायद्याच्या दृष्टीने हे मृत्युपत्र नव्हे."

१९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणे मृत्युपत्रावर ते करणाऱ्याची सही लागते, आणि निदान दोन साक्षीदारांनी त्याची सही होताना पाहून, अथवा "ही सही माझीच" असे त्याच्या तोंडून ऐकून, त्याच्या समक्ष आपापली सही करावी लागते. दोघांनी एकाच वेळी हजर असलेच पाहिजे असे नाही. परंतु एक साक्षीदार म्हणजे अपुरे मृत्युपत्र, आणि अपुरे मृत्युपत्र म्हणजे कोरा कागद.

मग घर कोणाचे? येथे हिंदू वारसा कायद्याचे, म्हणजे १९५६ च्या कायद्याचे, १५ वे कलम लागू झाले. स्त्री मृत्युपत्राशिवाय वारली, तर तिची मिळकत प्रथम मुले आणि पती ह्यांच्याकडे जाते. ते कोणी नसतील तर पतीच्या वारसांकडे. माहेरच्या माणसांचा क्रम त्यानंतरचा. आईवडिलांकडून वारशाने आलेली मिळकत असेल, तर अपत्यहीन स्त्रीच्या मागे ती वडिलांच्या वारसांकडे परत जाते. पण स्वतःच्या कमाईच्या घराला ही सवलत नाही. त्यामुळे आत्यांच्या दिरांचे मुलगे, ज्यांचे चार ओळींचे पत्रही कधी आले नव्हते, ते वारस ठरले. त्यांना मी दोष देत नाही. कायद्याने दिले ते त्यांनी घेतले. आठ महिन्यांनी बहिणीने घर रिकामे करून दिले. निघताना तिने तुळशीची कुंडी तेवढी उचलली. मला तिने एका शब्दाने बोल लावला नाही, आणि तेच मला अधिक लागले.

ज्या भगिनी नोकरी करतात, ज्यांच्या नावे घर अथवा ठेव आहे, विशेषतः ज्यांना अपत्य नाही, त्यांनी हे कलम ध्यानात ठेवावे. पुरुषांनीही निश्चिंत राहू नये. "माझ्यामागे सगळे हिचेच" असे पुष्कळ गृहस्थ म्हणतात. पण मृत्युपत्र नसेल तर हिंदू पुरुषाच्या मिळकतीत पत्नी, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि हयात असल्यास आई ह्यांचा सारखा वाटा असतो. तीन मुले असलेल्या विधवेच्या वाट्याला, सासूबाई हयात असतील तर, स्वतःच्या राहत्या घराचा पाचवा हिस्सा येतो. मुले गुणी असली तर प्रश्न नाही. पण एक पुण्यात, एक परदेशी आणि जावयाची बदली दर तीन वर्षांनी, अशा संसारात केवळ सह्या गोळा करण्यातच वर्षे जातात.

वडिलोपार्जित मिळकतीविषयी एक गैरसमज अजून रेंगाळतो आहे. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाप्रमाणेच जन्मतः सहदायाद मानले, आणि त्या वेळी वडील हयात नसले तरीही तिचा हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. तेव्हा महाराष्ट्रातल्या गावची सामाईक शेती अथवा वाडा "मुलांना दिला" असे एकट्या वडिलांना लिहिता येत नाही. मृत्युपत्राने देता येतो तो फक्त आपला हिस्सा. स्वकष्टार्जित मिळकत मात्र आपण मनास येईल त्याला देऊ शकतो.

दुसरा गैरसमज नॉमिनीचा. बँकेत नाव लावले की काम झाले, असे वाटते. बँक पैसे नॉमिनीच्या हाती देते हे खरे, परंतु ते त्याने वारसांच्या वतीने सांभाळायचे असतात. शेअर्सच्या बाबतीतही नॉमिनी मालक होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये दिला. विम्यात थोडा फरक आहे : २०१५ च्या दुरुस्तीनंतर पती, पत्नी, मुले अथवा आईवडील नॉमिनी असल्यास त्यांचा हक्क अधिक बळकट झाला आहे. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यास चार जणांपर्यंत नावे लावता येतात. नाव अवश्य लावावे, पण मृत्युपत्रातील नाव आणि हे नाव ह्यांचा मेळ घालावा. आठ वर्षांपूर्वी भावाचे लावलेले नाव तसेच आणि मृत्युपत्र मुलीच्या नावे, असे झाले की भाऊ आणि मुलगी दोघेही विनाकारण एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात.

आता प्रत्यक्ष कृती. मृत्युपत्रास स्टँप लागत नाही. साधा स्वच्छ कागद पुरतो. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या कोणालाही ते करता येते, आणि हयातीत कितीही वेळा बदलता येते. शेवटचे तेच खरे. आरंभी आपले नाव, वय, पत्ता, तारीख आणि "ह्यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द" हे वाक्य घालावे. मग मिळकतीचे नेमके वर्णन. "गावचे शेत" म्हणू नये. गट नंबर, गाव, तालुका लिहावा. दागिन्यांचीही नावे लिहावीत : पाटल्या कोणाच्या, ठुशी कोणाची, मोहनमाळ कोणाची. घरे मोडतात ती पुष्कळदा वाड्यावरून नव्हे, तर आईच्या एका बांगडीवरून. देवघरातील टाक आणि कुळाचार कोणी चालवायचा, तेही दोन ओळींत लिहिले तर बिघडत नाही. शेवटी "ह्याखेरीज माझे जे काही निघेल ते अमक्याला" असे कलम हवेच. नाहीतर विसरलेल्या ठेवीसाठी पुन्हा वारसांची दिंडी निघते. कोणाला कमी दिले असेल तर त्याचे कारण सौम्य शब्दांत नोंदवावे. अंमलबजावणीसाठी, ज्याला वकील एक्झिक्युटर म्हणतात असा, एक विश्वासू माणूस नेमावा.

प्रत्येक पानावर सही करावी. साक्षीदार शक्यतो आपल्याहून वयाने लहान आणि गावातच राहणारे असावेत, कारण वाद निघाल्यास निदान एकाला न्यायालयात उभे राहावे लागते. ज्याला मिळकत मिळणार त्याला साक्षीदार करू नये. वय झाले असेल अथवा दुखणे असेल, तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. ज्याला लाभ व्हायचा त्यानेच धावपळ करून मृत्युपत्र लिहवून घेतले, असे दिसले की न्यायालय संशयाने पाहते आणि तो संशय दूर करण्याची जबाबदारी त्याच्यावरच पडते.

नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. येथे आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांची एक खास अडचण आहे. मृत्युपत्र कोणत्याही भाषेत लिहिता येते, मराठीतही. परंतु त्या जिल्ह्यात सर्रास न चालणारी आणि निबंधकाला न समजणारी भाषा असेल, तर १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे सोबत खरे भाषांतर द्यावे लागते. इंदूर-ग्वाल्हेरला हिंदी, बडोद्याला गुजराती, बेळगावला कन्नड, हैदराबादला तेलुगू असे भाषांतर आधीच तयार ठेवावे. उलट, वकिलाने ते गुजरातीत अथवा इंग्रजीत लिहिले आणि आजींना मराठीच वाचता येत असेल, तर "मजकूर मराठीत वाचून समजावून सांगितला, तो मान्य आहे" अशी नोंद अवश्य घालावी. आपल्याला न कळणाऱ्या भाषेतील कागदावर कधीही सही करू नये. कित्येक जुन्या घरांत आजही होळकरशाही-गायकवाडीतले मोडी कागद ट्रंकेत पडून आहेत आणि वाचणारा कोणी उरला नाही. निदान आपले कागद नातवंडांना वाचता यावेत.

गोव्याच्या वाचकांसाठी हे सारे विवेचन जसेच्या तसे लागू नाही. तेथे पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा असून सध्या २०१२ चा वारसाविषयक कायदा डिसेंबर २०१६ पासून अंमलात आहे. विवाहापूर्वी वेगळा करार नसेल तर मिळकत पतिपत्नींची समाईक, निम्मी-निम्मी. आणि मुले असतील तर आपल्या हिश्शाचा अर्धा भाग त्यांच्यासाठी राखीव. मृत्युपत्राने देता येतो तो उरलेला अर्धा. मृत्युपत्रही तेथील नोटरीमार्फत करावे लागते. गोव्याचा रहिवासी असलेल्या माणसाची गोव्याबाहेरची मिळकतही ह्याच कायद्याने वाटली जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले; तेव्हा मुंबईत जागा असलेल्या गोवेकरांनी गोव्याच्याच वकिलाचा सल्ला घ्यावा. मुसलमान बांधवांना वारसांच्या संमतीविना एकतृतीयांशापेक्षा अधिक मिळकत मृत्युपत्राने देता येत नाही. ख्रिस्ती बांधवांचे मृत्युपत्र त्यानंतर केलेल्या विवाहाने रद्द होते, हेही लक्षात असावे.

मृत्युपत्राइतकीच महत्त्वाची एक वही. तीत बँक, टपाल, विमा, शेअर्स, लॉकर, घेणे आणि देणे ह्यांची यादी असावी. प्रत्येक कागद कोठे आहे ते लिहावे. दहा वर्षे कोणी हात न लावलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. ती बुडत नाही, वारसांना मागता येते. २०२३ पासून "उद्गम" ह्या संकेतस्थळावर तिचा शोधही घेता येतो. परंतु शोधणाऱ्याला मुळात ठाऊक तर हवे! वही दर दिवाळीस लक्ष्मीपूजनाच्या सुमारास पुरी करावी, आणि ती कोठे आहे हे घरातील दोघांना सांगून ठेवावे.

एक सावधगिरी. मुलांच्या प्रेमापोटी राहते घर हयातीतच बक्षीसपत्राने देऊन टाकू नये. बक्षीसपत्र तत्काळ लागू होते, मृत्युपत्र आपल्यामागे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत परत मिळविण्याची तरतूद आहे खरी. पण आपल्याच मुलाविरुद्ध अर्ज करण्याची पाळी कोणावर का यावी?

मी माझे मृत्युपत्र गेल्या वर्षी केले. मराठीत लिहिले, हिंदी भाषांतर जोडले, आळीतील दोन तरुण साक्षीदार घेतले आणि रजिस्ट्रार कचेरीत नोंदविले. चुलत बहीण आता आमच्याच घरी असते. मागल्या खोलीत तिला तहहयात राहण्याचा हक्क आहे, असे एक कलम मी त्यात घातले, आणि माझ्या दोन्ही मुलांना समोर बसवून वाचून दाखविले. तिने ते ऐकले, "कशाला रे एवढे?" म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. तुळशीची ती कुंडी आमच्या अंगणातच आहे.

वाचकहो, आपल्यापैकी कोणाला कुणा वडीलधाऱ्याने "सवडीने ये, एक सही हवी आहे" असा निरोप पाठविला असेल, तर मुहूर्त पाहू नका. आजच जा.