साथीच्या दिवसांतील पैसा आणि त्याचा हिशेब

घराला आग लागली असता पाण्याचा हंडा कोणाच्या मालकीचा, त्याची किंमत काय आणि तो कोणाच्या परवानगीने उचलला, याची चौकशी करीत बसणाऱ्यास कोणी शहाणा म्हणणार नाही. जी गोष्ट घराची तीच नगराची. साथ दाराशी आली म्हणजे नगराच्या कारभाऱ्यांनी नेहमीच्या निविदा, मुदती व मंजुऱ्या बाजूला ठेवून औषध, प्राणवायू व खाटा जेथून मिळतील तेथून आणाव्यात, हे त्यांचे कर्तव्यच होय. परंतु आग विझल्यानंतर हंडे किती आणले, किती फुटले व किती परत गेले, एवढे विचारणारास आग लावणाऱ्याच्या पंक्तीस बसविणे हा न्याय नव्हे. कोविडच्या साथीत आमच्या नगरसंस्थांनी केलेल्या खर्चाविषयी हाच प्रश्न उपस्थित झाला आहे, आणि त्यास मिळालेले उत्तर पाहता त्याचा विचार अधिक खोलात जाऊन करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातील पहिले रुग्ण आढळले. त्याच आठवड्यात सरकारने १८९७ चा साथरोग अधिनियम लागू केला. मुंबईच्या स्थायी समितीने प्रशासनास पूर्वसंमतीवाचून साथीसाठी खर्च करण्याची मुभा दिली. पुढे महालेखापरीक्षकांनी २८ नोव्हेंबर २०१९ ते ३१ ऑक्टोबर २०२२ या काळातील मुंबई महापालिकेच्या सुमारे १२,०२४ कोटी रुपयांच्या खर्चाची विशेष तपासणी हाती घेतली. त्यांपैकी सुमारे ३,५३८ कोटी रुपये कोविडवर खर्च झालेले होते. हा भाग तपासता आला नाही; कारण साथरोगाचा कायदा अमलात असताना झालेल्या खर्चाची अशी तपासणी होऊ शकत नाही, अशी भूमिका पालिकेने घेतली. २५ मार्च २०२३ रोजी हा अहवाल विधिमंडळापुढे आला, तेव्हा जी कामे तपासता आली त्यांची स्थितीही लोकांस कळली. सुमारे २१४ कोटींची २० कामे निविदेवाचून दिली गेली होती आणि सुमारे ४,७५५ कोटींच्या ६४ कामांत ठेकेदाराशी रीतसर करारनामाच झालेला नव्हता. जेथे दिवा नेता आला तेथे हे दिसले. जेथे दिवा नेऊच दिला नाही तेथे काय आहे, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तेथे सारे स्वच्छही असेल. परंतु ते स्वच्छ आहे, असे म्हणण्याचा आधार कोठून आणावयाचा?

आता ज्या कायद्याची ढाल पुढे केली गेली तो कायदा मुळात काय आहे ते पाहू. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला, आणि पाच महिन्यांच्या आत, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, परक्या सरकारने हा कायदा केला. मार्चमध्ये मुंबईत लष्करी अधिकारी गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी बसली व प्लेगनिवारणाची सत्ता लोकांनी निवडलेल्या कॉर्पोरेशनच्या हातून काढून घेतली गेली. पुण्यात रँडसाहेबांच्या कमिटीने घराघरांत गोरे शिपाई घुसविले, आणि त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री कसा झाला हे महाराष्ट्रातील शाळकरी पोरासही ठाऊक आहे. प्रजेस उत्तर देण्याची जबाबदारी त्या राजवटीने कधी पत्करलीच नव्हती. परंतु लोकांनी निवडलेल्या सभेने त्याच कायद्याच्या आडोशास उभे राहून लोकांचा हिशेब नाकारावा, याला काय म्हणावे? परक्याचे राज्य गेले. त्याचा कायदा मात्र आम्ही जपून ठेवला, आणि त्याचा अर्थ परक्यानेही केला नसेल इतका व्यापक केला!

बरे, कायद्याचे शब्द तरी या भूमिकेस आधार देतात काय? या अधिनियमाच्या चौथ्या कलमात म्हटले आहे की, कायद्यान्वये सद्भावनेने केलेल्या कृत्याबद्दल कोणावर दावा किंवा अन्य कायदेशीर कारवाई चालणार नाही. हिशेबतपासणी हा दावा नव्हे. तपासनीस कोणास आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करीत नाही; तो पावती, दर आणि साठा यांचा मेळ घालतो. शिवाय संरक्षण आहे ते सद्भावनेला. त्याच १८९७ सालच्या सर्वसाधारण परिभाषा अधिनियमात सद्भावनेची व्याख्या दिली आहे: जी गोष्ट वस्तुतः प्रामाणिकपणे केली ती सद्भावनेने केली, मग तीत हयगय झालेली असो वा नसो. म्हणजे घाईत झालेली चूक कायदा पोटात घालतो; अप्रामाणिकपणा घालीत नाही. आणि खर्च प्रामाणिकपणे झाला की नाही, हे हिशेब पाहिल्यावाचून ठरणार कसे? याहूनही मौजेची गोष्ट ही की, साथीचा खर्च कोणी व कोणत्या रीतीने सोसावा हे सरकारने ठरवावे, असे याच कायद्याचे दुसरे कलम सांगते. जो कायदा खर्चाची व्यवस्था लावतो, तो हिशेब मागणाराचे तोंड बंद करतो असे मानणे म्हणजे सरळ शब्दास उलटे टांगणे होय.

इतर कायदेही तेच सांगतात. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाच्या पन्नासाव्या कलमाने तातडीच्या खरेदीत निविदेची अट माफ केली आहे. परंतु त्याच कलमाने वस्तूंच्या विनियोगाचा दाखला अधिकाऱ्याने द्यावा व तो हिशेबास प्रमाण धरावा अशीही सोय केली आहे. निविदा माफ केली, हिशेब माफ केला नाही. त्रेपन्नाव्या कलमाने तर मदतीचा पैसा वा माल हडप करणारास दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. मुंबईखेरीज इतर महापालिकांस लागू असणाऱ्या १९४९ च्या अधिनियमात, सदुसष्टाव्या कलमान्वये, आयुक्तास आणीबाणीत कोणाच्याही मंजुरीवाचून तत्काळ उपाय योजता येतो. मात्र काय केले, का केले आणि त्यास किती खर्च आला, हे त्याने ताबडतोब स्थायी समितीस व महापालिकेस कळविले पाहिजे. मुंबईच्या १८८८ च्या कायद्याचा रोखही हाच आहे. अधिकार आधी व उत्तर नंतर, असा हा सौदा आहे. त्यातला पहिला भाग घ्यावयाचा आणि दुसरा विसरावयाचा, ही कायद्याची अंमलबजावणी नव्हे.

कोणी म्हणेल, "माणसे पटापट मरत होती, तेव्हा वह्या कोण लिहीत बसणार?" त्या दिवसांत परिचारिका, सफाई कामगार, डॉक्टर व पालिकेचे कारकून यांनी जिवावर उदार होऊन काम केले, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. परंतु आमच्या वाचकांत पेढीवर बसणारे पुष्कळ आहेत. त्यांनीच सांगावे की, दिवाळीच्या गर्दीत कीर्द लिहावयाची राहते काय? उलट ज्या दिवशी देवघेव मोठी त्या दिवशी कीर्द अधिक जपून लिहिली जाते. गर्दीत भाव एखादे वेळी चढा द्यावा लागतो. पण दिला किती, हे वहीत असतेच.

व्यापारीवर्गास आणखी एक गोष्ट स्मरत असेल. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्य सरकारने मुखपट्ट्यांचे कमाल दर बांधून दिले. एन-९५ जातीची मुखपट्टी १९ ते ४९ रुपयांच्या आत विकावी असे ठरले. संकटात नफेखोरी होऊ नये म्हणून दुकानदाराचा भाव सरकारने बांधावा, हे योग्यच झाले. परंतु जी सत्ता दुकानदारास भाव ठरवून देते, तिने स्वतः कोणत्या भावाने खरेदी केली हे सांगण्यास का कचरावे? पुढे २०२३ मध्ये शवपिशव्यांच्या खरेदीवरून मुंबईत गुन्हा नोंदला गेला. नोंदलेला गुन्हा म्हणजे शाबीत झालेला गुन्हा नव्हे. त्याचा निर्णय न्यायासनच करील. पण खरेदीचे दर त्या त्या महिन्यात छापले असते, तर खोट्या आरोपास जागा राहिली नसती व खऱ्या लबाडीस धीर झाला नसता. हिशेब झाकल्याने पहिला बळी जातो तो प्रामाणिक अधिकाऱ्याचा; कारण त्याचे नाव लबाडाच्या नावाशेजारी संशयात राहते.

दोष एकट्या प्रशासनाचा नाही. अधिकार देताना लोकप्रतिनिधींनी त्यांस मुदत घातली नाही, आणि मग खर्च झाल्यावर मंजुरीस प्रस्ताव येतात म्हणून तक्रार करीत बसले. तिजोरीची किल्ली देताना ती परत केव्हा द्यावयाची हे जो विचारीत नाही, त्याने मागाहून कुरकुर करून काय उपयोग? ७ मार्च २०२२ रोजी मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला; ज्या सभेपुढे हिशेब यावयाचा ती सभाच उरली नाही. २०२५ साल सरले तरी निवडणूक झालेली नव्हती. पुण्यासारख्या ठिकाणी प्रचंड तात्पुरती रुग्णालये राज्य सरकार, दोन महापालिका व विकास प्राधिकरण यांच्या एकत्र पैशांतून उभी राहिली. अनेक हातांचा पैसा एका परातीत पडला म्हणजे परात कोणाची, हे कोणीच सांगत नाही, असाही अनुभव येतो.

मग करावे काय? आमच्या मते चार गोष्टी ताबडतोब व्हाव्यात. पहिली, तातडीच्या खर्चाचा अधिकार तीन महिन्यांपुरता असावा व तो वाढविणे झाल्यास सभेने कारणे नोंदवून वाढवावा. दुसरी, प्रत्येक महिन्याची खरेदी, म्हणजे वस्तू, नग, दर व पुरवठादार, मराठीत छापून प्रत्येक प्रभाग कचेरीत लावावी. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा, कोणी मागण्याची वाट न पाहता, अशी माहिती प्रसिद्ध करावयास सांगतोच. तिसरी, साथ ओसरल्यापासून सहा महिन्यांत बाहेरच्या तपासनिसाकडून हिशेब तपासून घ्यावा आणि उरलेली यंत्रे व खाटा कोठे आहेत याची मोजदाद करावी. चौथी, मुखपट्ट्या, प्राणवायू व औषधे यांचे दरकरार साथ नसतानाच करून ठेवावेत; तहान लागल्यावर विहीर खणणारास पाणी महागच पडते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात आरोग्यासाठी स्थानिक संस्थांच्या वाट्यास ७०,०५१ कोटी रुपये सुचविले. इतका पैसा ज्यांच्या हाती द्यावयाचा, त्यांस हिशेबाचे वळण लावणे हे पैसा देण्याइतकेच निकडीचे आहे.

आणि हे होईपर्यंत नागरिकांनी स्वस्थ बसू नये. दहा रुपयांचा मुद्रांक लावून केलेला एक अर्ज आपल्या नगरसंस्थेस उत्तर देण्यास बांधतो. आपल्या प्रभागात साथीच्या काळात काय घेतले, कोणाकडून घेतले व काय भावाने घेतले, एवढेच तीन प्रश्न प्रत्येक आळीतून एकाने जरी विचारले, तरी पुढच्या साथीत वह्या वेळच्या वेळी लिहिल्या जातील. पुढची साथ केव्हा येईल हे कोणाच्या हाती नाही. ती येईल तेव्हा लोकांचा आपल्या नगरसभेवर विश्वास असावा की नसावा, हे मात्र आज ठरणार आहे.